दोन कोअर राखून

या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि वूचमध्ये नदी कुठे दिसत नाही.
आहेत म्हणतात डझनभर तरी,
विटांच्या बोगद्यांत कोंडलेल्या,
ट्रामच्या रुळांखालून, बेकरीखालून
कुणाला न विचारता वाहणाऱ्या.

बोग्ना त्यांचीच फिल्म करते आहे,
पाणी खात्यासाठी, चाळीस सेकंदांची.
निळी रेघ नकाशावर सरकते,
रस्ते काचेचे होत जातात,
शेवटी शहराचं नाव.
फ्रेम्स एक हजार.
संगणक म्हणतो: तीन तास वीस मिनिटं.

पूर्वी ती समोर बसून राहायची,
दूध तापत ठेवल्यासारखी.
हिरवी पट्टी तसूभर सरकली की चहा,
चहा संपला की पुन्हा पट्टी.
आठही कोअर कामाला जुंपलेले;
एखादं अक्षर टाइप केलं
तर दहा आकडे मोजावेत, मग ते उमटायचं,
तेही उपकार केल्यासारखं.

मग एकदा लेओकादियाबाई किल्ल्या द्यायला आल्या.
वय एक्याऐंशी. इथे सूतगिरणी होती तेव्हा
याच मजल्यावर, या टेबलाच्या जागी,
त्या मागावर उभ्या असायच्या.
"माझ्याकडे दहा माग. फोरमनला बारा हवे होते.
दहांवर सफरचंद खाता यायचं, पोरी.
बारांवर खाल्लंस की कुठेतरी सूत तुटणार,
आणि कळणार कधी, तर वारभर कापड नासल्यावर."
दहांकडे एकदम बघायचात कसं?
"बघायचं कशाला? कान कशाला दिलेत?
आवाज बदलला की त्या मागाकडे जायचं.
नाही बदलला तर नाही."

त्या गेल्यावर बोग्नाने सेटिंग उघडलं.
सहा कोअर नद्यांना. दोन आपल्याला.
वेळ वाढली, चार तास दहा.
ती पन्नास मिनिटं तिने कुणाच्या खात्यावर मांडली नाहीत.

पंखे एका सुरात घुमताहेत.
ती फेब्रुवारीपासून अडकलेलं बिल पाठवते.
फायनल, फायनल-नवं, आता-खरंच-फायनल
अशा अकरा फायलींना माणसांत आणते.
ग्दिन्यातल्या बहिणीला अर्धवट राहिलेलं पत्र,
पहिलाच शब्द माफी,
तो खोडते, आणि मग पुढचं सुचतं:
आईच्या शिवणयंत्राचं काय करायचं.

तासातासाने उठून एक फ्रेम उघडायची, एवढाच नेम.
तीनशे चार: ठीक.
सहाशे बारा: निळा जरा जास्त, पण चालेल.
नऊशे साठ:
शहराच्या नावातलं पहिलं अक्षरच नाही.
कंबरेवर वल्हं आडवं घातलेला तो एल
या टाइपफेसला ठाऊकच नव्हता.
त्याच्या जागी रिकामा चौकोन.
बिनवल्ह्याची होडी पाणी खात्याला!
ती एकटीच मोठ्याने हसते.

सलग फिल्म काढली असती तर पुन्हा पहिल्यापासून.
पण प्रत्येक फ्रेम सुटी आहे, चित्र म्हणून,
बिघडल्या त्या शेवटच्या साठ.
टाइपफेस बदलून ती तेवढ्याच रांगेला लावते,
आधीच्या रेंडरला धक्का न लावता,
जेवणाऱ्याच्या पाठीमागून जावं तशी.

आठ वाजता बाई कुलूप घेऊन दारात.
"झालं?"
"चाललंय."
पडदा बंद, दिवे बंद, पंखे चालू.
दोघी जिना उतरतात. बाहेर बर्फ वितळून चिखल झालाय.
कोपऱ्यावर, गटाराच्या लोखंडी झाकणापाशी
बाई थांबतात, काठीवर वाकतात.
"ऐकू येतं काही?"
बोग्ना टोपी वर करून कान देते.
ट्राम जाते. कुत्रं भुंकतं.
"नाही," ती म्हणते.
"मग नीट चाललंय,"
बाई म्हणतात, आणि खिशात सफरचंद चाचपतात.