पाठीवरच्या तीन रेघा

मे महिन्याची दुपार. खिडकीत कूलर,
खसाच्या जाळीतून टिपटिप पाणी,
आणि फरशीवर डिंकानं जोडलेली
चार दिवसांची वर्तमानपत्रं.
त्यांच्यावर निळ्या पेन्सिलीनं मी माझी छाती काढते: अडतीस.
खांदा साडेचौदा.
बाही कोणाच्या तरी निधनवार्तेवरून जाते.

गांधीबागेत दुकानदार म्हणाला,
"नातवासाठी का, मावशी? गॅदरिंग आहे?"
मी म्हटलं, हो.
अडीच मीटर पांढरं ड्रिल, पाऊण मीटर गडद निळं,
पांढरी फीत सहा मीटर.
एवढ्याशा खोट्यावर त्यानं दहा रुपये सोडले.

फोटो मशीनच्या चाकाला टेकवून ठेवलाय.
श्रावण, वय चार,
इतवारीतल्या स्टुडिओत समुद्रासमोर उभा.
समुद्र कापडाचा, मधोमध घडी पडलेला,
जहाजाचं नाक घडीत गेलेलं.
सदरा स्टुडिओचा.
टांडापेठेतली सगळी पोरं
त्याच एका सदऱ्यात दर्यावर जाऊन आली
आणि घामासकट पुढच्याला देऊन गेली.
भाडं चार आणे, फोटोचे वेगळे.

आमच्या घरी तेव्हा दोन माग होते.
बाबांनी कॉलरचं टोक दोन बोटांत चोळून पाहिलं,
म्हणाले, "मिलचं आहे."
एवढंच.

मी सात वर्षांची. फोटोत नाही.
श्रावणचा काढलेला बनियन हातात धरून
पडद्याच्या कडेला उभी होते,
म्हणून मला माहीत आहे
की सदरा त्याला फार मोठा होत होता
आणि मागून कपडे वाळवायचे पाच चिमटे लावले होते,
लाकडी, एकाची स्प्रिंग गंजलेली.

समोरचं फोटोवरून काढता येतं:
टोकदार गळा, खाली गाठ मारलेला रुमाल,
बटण नाही, डोक्यातून घालायचा.
मागचं कुठल्याच कागदावर नाही.
मागची चौकोनी कॉलर मी डोळे मिटून आखली,
दीड वीत रुंद, एक वीत खोल,
तीन पांढऱ्या रेघा, कोपऱ्यात एक चांदणी.

फितीचा कोपरा वळवणं हे खरं काम.
टोकाशी आलं की सुई कापडात रुतवून ठेवायची,
मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पाय खाली.
घाई केली की कोपऱ्याचं नाक वर येतं.
पहिली रेघ जमली. दुसरी जमली.
तिसरी दोनदा उसवली.
बाजूच्या शिवणीत बोटभर माया ठेवलीय,
या वयात अंग कोणत्या बाजूला जाईल
सांगता येत नाही.

रात्री भिलाईला फोन केला.
"कोणता सदरा?" श्रावण म्हणाला.
मग बराच वेळ पेन्शनबद्दल बोलला,
सुनेच्या गुडघ्याबद्दल, तिकडच्या लाइटबद्दल.
ठेवता ठेवता म्हणाला,
"टोचून राहिलं होतं काहीतरी पाठीला.
तेवढं आठवते."

आज संध्याकाळी तुरपाई संपली.
इस्त्री फिरवली, डोक्यातून घातला.
अंबाडा गळ्यात अडकला, सुटला.
कपाटाच्या आरशात पांढऱ्या केसांची एक बाई,
मागे समुद्र नाही,
गॅसचं सिलेंडर आणि अजून एप्रिलवरच असलेलं कॅलेंडर.

वरच्या मजल्यावरची निहारिका विरजण मागायला आली,
दारातच थांबली.
"आजी, हे काय घालून राहिल्या तुम्ही?"
मी तिच्याकडे पाठ केली.
"मागून कसं दिसते, सांग."
तिनं वेळ घेतला.
कूलरमधलं पाणी ऐकू येत होतं.
"तिसरी रेघ थोडी वाकडी आहे."
"अन्?"
"अन् चांदणीचं एक टोक उसवलंय, आजी.
टाका घालून देऊ?"

राहू दे, म्हटलं.