उसनी पात्रं

रात्री पावणेबाराला, ग्दिन्यात,
झेमोवित घोरायला लागला की बोग्ना उठते
आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसते.
वय सत्तेचाळीस, करखात्यात वरिष्ठ निरीक्षक,
दिवसभर लोकांच्या पावत्यांतली खोट शोधणारी बाई
आता अनोळखी लोकांना विचारते :

कुणी वाचली आहे का ती गोष्ट
ज्यात नकाशेवाला मरत नाही?

मालिकेत तो मेला होता.
दुसऱ्या पर्वात, नवव्या भागात,
जहाजाचं दार आतून लावून घेऊन.
पुढे मालिकाच बंद पडली.
पण कुणीतरी, नाव आठवत नाही, नावात आकडा होता,
त्याला त्या दारातून ओढून काढलं
आणि चोराच्या खोलीवर अख्खा हिवाळा ठेवलं.
ताप. भांडणं. एकच रजई.
खिडकीत हिरवी किटली, झाकणाला दोरा बांधलेली.

बाकी चुकत असेल, ती लिहिते,
किटली नाही चुकायची.

लाज कसली म्हणाल तर सांगता येत नाही.
तसलं काही नव्हतं त्यात. म्हणजे होतं, सहाव्या प्रकरणात,
ते तिला नीटसं आठवतही नाही.
लाज याची, की कपाटात
कातडी बांधणीचे ग्रंथ कोरे करकरीत उभे
आणि जीव अडकलाय कुठल्याशा पोरीनं
परीक्षेच्या तोंडावर खरडलेल्या,
स्वल्पविरामांचा दुष्काळ पडलेल्या गोष्टीत.

उत्तरं येतात.
पोर्तोहून : ती नव्हे, तिच्यात चोर बाई आहे.
व्हॅलेन्सियाचा एक दंतवैद्य : माझ्याकडे होती,
लॅपटॉपबरोबर पाण्यात गेली.
रीगाहून कुणी : किटली नाही आठवत,
मोजे आठवतात. मोजे होते ना?
मोजे!
बोग्ना अंधारात एकटीच हसते,
तोंडावर हात दाबून.

परक्या पात्रांवर लिहिणं म्हणजे चोरी, म्हणतात लोक.
पण शेजारणीचं पातेलं परत करताना
रिकामं देतं का कुणी?
मूठभर साखर तरी घालतोच ना आपण.

चौथ्या गुरुवारी सापडली.
ब्रनोच्या एका निवृत्त ट्रामचालकाकडे,
ज्यानं त्या काळच्या सगळ्या गोष्टी छापून
दोऱ्यानं बांधून माळ्यावर ठेवल्या होत्या,
का ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.
एकेक पान जमिनीवर ठेवून त्यानं फोटो काढले.
तीन पानांवर त्याच्या पायाचा अंगठा.

चार वाजेपर्यंत वाचत बसली.
चोर होता. ताप होता. मोजे तिसऱ्या प्रकरणात, राखाडी.
अकराव्याच्या शेवटी लेखिकेची ओळ :
पुढचं प्रकरण पेपर संपल्यावर.
सव्वीस वर्षं झाली,
पेपर चालूच आहेत.

किटली नव्हती.
तिनं पुन्हा पाहिलं, पावत्या पाहते तसं, बोट ठेवून.
एक पत्र्याचा मग होता. किटली कुठेच नाही.

काखेत कळसा तो असा.
ओल्श्टिन, भाड्याची खोली, बोग्नाला फ्लू,
आणि दोब्रोख्ना पायाशी बसून
कॉलेजातून चोरून छापलेली पानं मोठ्यानं वाचतेय,
नकाशेवाल्याचा आवाज घोगरा काढतेय,
मध्येच उठून चहा करतेय.
झाकणाची मूठ तुटली होती. दोरा तिनंच बांधला होता.
पुढे ती व्रोत्सवाफला गेली, लग्न, मग पत्ता बदलला,
असंच काहीतरी.

ट्रामचालकाला तिनं लिहिलं :
हीच ती. फार आभार.
किटलीची चूक माझी.

रजईचं लिहिलं नाही.
गोष्टीत रजया दोन होत्या.

सहाला झेमोवित उठला, म्हणाला, डोळे का लाल?
फाइल होती एक, जुनी, ती म्हणाली.
त्यानं चहाला पाणी ठेवलं,
पांढऱ्या, विजेच्या किटलीत,
जी दोन मिनिटांत
आपोआप बंद होते.