उलट टाका

सुलट झरझर. उलट आला की
डावं बोट अडतं,
लोकर पुढे आणताना निसटते.
बाळंतविड्याची टोपी महिनाभर कानापाशीच.

दिवाळ्याच्या जेट्टीवर जाळं सांधणारे जनूमामा,
बत्तीस वर्षं जहाजावर, बघून म्हणाले,
"तिला कशाला पुढं बोलावतेस?
राहू दे मागं. सुईला पाठव."

सुई लोकरीमागून गेली,
टाक्यात शिरली, मागे वळली,
धागा पाठुंगळी घेऊन बाहेर.

नॉर्वेत एका खलाशाने दाखवलेलं.
नाव आठवत नाही, म्हणाले,
हात आठवतात.

चुकले. उसवलं.
अकराव्या ओळीला बोट विसरलं
की हा उलट आहे.

वहिनीचं बाळ एव्हाना बसायला लागलंय,
आणि बेलापुरात थंडी कुठली!
तरी मोज्यांचे टाके घातले.