सामनेवाला

पंचनाम्यात मी सतरा फूट आहे.
म्हणजे गाडी घसरत गेली ती खूण,
अक्कलकोट रोडवर, डिव्हायडर फुटलाय तिथून
बंद पडलेल्या वजनकाट्यापर्यंत.
हवालदाराने टेपचं एक टोक धरलं, दुसरं
रसवंतीवरच्या पोराच्या हातात दिलं.
पोरगं खूश होतं म्हणे.
मी तिथे नव्हतो. मी सिव्हिलला होतो,
कात्रीने माझी पॅन्ट कापत होते
आणि मी सांगत होतो, शिवणीतून कापा, शिवणीतून,
पुन्हा जोडता येईल.

रात्रपाळी सुटली होती. सहा चाळीस.
कानात अजून चोवीस मागांचा खडखडाट,
त्यामुळे हॉर्न ऐकू आला नसावा
असं त्यांच्या वकिलाने लिहून दिलंय.
पांढरी गाडी उलट्या बाजूने आली.
सरळ बाजूने गेलं तर वळण अर्धा किलोमीटर लांब पडतं.
अर्धा किलोमीटर वाचवला त्याने.
कुठे ठेवला असेल?

माझी गाडी ठाण्याच्या मागे उभी आहे,
उभी म्हणजे भिंतीला टेकून.
आरसे गेले, पेट्रोल गेलं,
टाकीवरचा मार्कंडेय तेवढा आहे, थोडा खरचटलेला.
डिकीत डबा सापडला.
उरलेली एक कडक भाकरी,
पाच महिन्यांनीही कडक.
मी हसलो तर शिपाई म्हणाला, सही करा.

घरी राजेश्वरी विड्या वळते.
प्लास्टरमधला पाय उशीवर, तर हात कशाला रिकामे म्हणून
मी पानं कापायला शिकलो.
पत्र्याचा फर्मा ठेवायचा, जाड शिरा चुकवायच्या.
पहिल्या आठवड्यात माझं निम्मं पान वाया.
ती काही बोलली नाही,
माझी वाकडी पानं
आपल्या ओल्या फडक्याखाली सरकवत राहिली
आणि मोजताना तेलुगूत मोजत राहिली,
हिशेब चुकू नये म्हणून.

मेडिकल बोर्डाने लिहिलं:
कायमचं अपंगत्व, बत्तीस टक्के.
राजेश्वरी म्हणाली, बत्तीस म्हणजे कुठपर्यंत?
मी घोट्यापासून वर बोट नेत गेलो
आणि कुठे थांबायचं ते कळेना.
फोरमन भला माणूस. म्हणाला,
यादगिरी, जॉबरला मागाखाली शिरावं लागतं रे.
मलाही माहीत आहे.
टॉवेलमध्ये एक धागा चुकला की टॉवेल सेकंडमध्ये जातो,
बाकीचे सगळे धागे बरोबर होते
हे गिऱ्हाइकाला कोण सांगत बसतं.

आता तारखा.
कोर्टाच्या व्हरांड्यात बाक एकच, तोही अर्धा उन्हात.
परवा शेजारी एक माणूस होता, सावलीतला.
माझी काठी बघून तो उन्हाच्या बाजूला सरकला,
आपली पिशवी माझ्या पायाखाली दिली,
म्हणाला, लांब करा, लांब करा.
चहा आणला. पैसे देऊ दिले नाहीत.
त्याचीही आजची हजेरी बुडाली होती.
दुसऱ्याची गाडी चालवायचो, म्हणाला,
आता कोण देत नाही चालवायला.
मुलीला पेपर होता, उशीर झाला होता त्या दिवशी.
मी विचारलं, कुठल्या दिवशी?
तो कपाकडे बघत राहिला.
व्हरांड्यातला पंखा फिरत होता, वारा कोणालाच नव्हता.

मग पट्टेवाला ओरडला.
अर्जदार यादगिरी नरसय्या येमूल,
सामनेवाला एक, म्हणजे मालक, तो येत नाही,
सामनेवाला दोन, मलकारी सिद्राम कोरे,
सामनेवाला तीन, विमा कंपनी.

माझं नाव आधी पुकारलं.
मी उठायला लागलो तेव्हा त्याने हात दिला,
मनगट धरून, वजन तोलून,
घरच्या माणसाला उठवतात तसा.
दुसरं नाव आलं तेव्हा
मी अजून अर्धाच उठलो होतो.
त्याचा हात थरथरला. काढला मात्र नाही.
मी काढून घेऊ शकलो असतो,
काठी होती दुसऱ्या हातात.

थोडा वेळ लागला.
पाय असा आहे ना.