आडनावातला कर

सित्राच्या पलीकडे आम्ही समुद्र बुजवतो.
ड्रेजर तळाची वाळू ओढतो, पाइपातून ओकतो,
मी काठावर आकडे उतरवतो :
उणे चार, उणे अडीच, शून्य.
शून्याच्या वर आली की ती जमीन.

आज सत्तावीस एप्रिल. सिब्रनच्या राजाचा वाढदिवस.
त्याच्या हेल्मेटला नारिंगी फीत,
डब्यात नारिंगी केक, कडेने वितळलेला.
पंपावरचा अब्दुलनबी विचारतो, राजा संत्र्याच्या रंगाचा का?
त्याच्या भाषेत संत्रे म्हणजे बुर्तुगाल,
तेही कुठल्याशा देशाचेच नाव.

"फळाचा संबंध नाही," सिब्रन म्हणतो.
"ओरांज हे गाव. फ्रान्समध्ये.
तीनशे वर्षांपूर्वीच हातचे गेले."

गाव गेले. रंग राहिला.

मग तो फोनवर फोटो सरकवत जातो,
बोटाला साखर, काचेवर वाळू.
नासाऊ : लान नदी, टेकडीवर बुरूज,
खाली रविवारी बंद असलेली बेकरी.
दीत्स : राजवाड्यात आता लष्कर;
पहारेकरी म्हणाला, पुढच्या वेळी ओळखपत्र आण.
डिलेनबुर्ग : किल्ला लढाईत जळाला,
तळघरे उरली, आणि एक लिंडेन.
तिच्याखाली दूत आले होते म्हणे,
चल, आमच्यासाठी लढ, असे सांगायला.
आरोल्सन : इथली विशीतली मुलगी
साठी उलटलेल्या राजाला दिली.
(हा फोटो त्याने जरा लवकर सरकवला.
त्याचीही मुलगी विशीतली आहे.)

"म्हणजे तुमचा राजा नासाऊकर!" मी म्हणालो.
"कर?"
कर म्हणजे त्या गावचा. मी चिंदरकर.
सिब्रन हसत सुटला.
"आमच्याकडे कर म्हणजे हातगाडी."

असेलही.
बाप कराचीत जन्मला, मी उरणला,
पोरगी इथे मुहर्रकच्या इस्पितळात,
आणि गाडीवर तेच एक नाव लादलेले.
चिंदरला मी उभ्या जन्मात नऊ दिवस राहिलो.
त्यातले तीन गावपळणीचे :
माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री,
सगळा गाव शिवेबाहेर झापांच्या खोपीत.
मागे घरांना कुलपे, आणि देव एकटा.
चौथ्या दिवशी कौल झाला, लोक परतले.

आमचे घराणे बहुधा अशाच एका पळणीत निघाले
आणि कौल झाला तेव्हा
ऐकू येण्याच्या पलीकडे होते.

डिलेनबुर्गला कौल कोण लावतो, विचारायचे राहिले.
अब्दुलनबी मध्येच बोलला,
केकचा तुकडा तसाच हातात धरून :
"मी सित्राचा. बाप सित्राचा, आजा सित्राचा.
कोणी कुठे गेलो नाही.
लहानपणी दारातून गळ टाकायचो.
आता समुद्र बघायला
तुमच्या गेटपासचा अर्ज भरावा लागतो."

सिब्रनने हेल्मेटची फीत उगाच नीट केली.
पाइप ओकत होता.
मी काठी रोवली, वाचली :
अधिक शून्य पूर्णांक तीन.
नकाशात या तुकड्याला नाव नाही, सी-सात एवढेच.

रकान्यात आकडा लिहिला,
खाली सही केली. आडनावासकट.