वीस तेत्री

ग्ल्दानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
वर जायला वीस तेत्री.
उतरणं फुकट,
आणि फुकट म्हटल्यावर
नवव्या मजल्यावरून पायांनी कोण उतरतं?

सोमवार, बुधवार, शुक्रवार जिम.
पट्ट्यावर चालायचे चाळीस मिनिटं,
कुठेही न पोहोचता.
तोर्निके, माझ्या मुलीहून लहान,
घड्याळ बघून म्हणायचा, शाब्बास लामारा मावशी.
मग टॅक्सीने घरी,
नाणं टाकून वर,
आणि दमले म्हणून सोफ्यावर,
अंधार पडेपर्यंत.
चार महिने काटा ब्याण्णववर बसून,
बदली न होणाऱ्या कारकुनासारखा.

एकतीस वर्षं मी हिशेब लिहिले,
आधी रेशीम गिरणीत, नंतर औषधांच्या दुकानात.
बेरीज जुळली नाही तर मला झोप येत नाही.
गेगाची जुनी वही घेतली,
मागच्या कोऱ्या पानांवर रेघा मारल्या.
सकाळ : चहा, बिनसाखरेचा. एक अंडं.
दुपार : राजम्याची लोबियो, वाटीभर.
रात्र : जवळजवळ काही नाही.

चिमणीचा आहार.
खाली सही करायचीच बाकी होती.

पण हिशेबनिसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते :
दुकान पावत्यांनी बुडत नाही,
पावती नसलेल्या खर्चानं बुडतं.

ओमारीच्या भट्टीतून निघालेली शोती,
तलवारीएवढी लांब, अर्धी कागदात,
हाताला चटका देणारी.
तिचं टोक आमच्या घरी
आजवर पोहोचलेलं नाही.
या शहरात कुणाच्याच घरी पोहोचत नसावं.
सत्सिवीसाठी अक्रोड फोडताना
चार वाटीत, पाचवा माझा.
मीठ बघायला एक चमचा,
मग मीठ घातलं म्हणून अजून एक.
आणि गेगाच्या ताटात उरलेली
खाचापुरीची कड,
गार, चिवट,
ती मी उभ्यानंच खाते, बेसिनपाशी,
कुणी बघत नसताना.

टाकायची कशी?
ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात
पहाटे चारला पावाच्या रांगेत उभी होते
याच्या आईला कोटात गुंडाळून.
माझा नंबर आला तेव्हा खिडकी बंद झाली.

ब्याण्णव.
वहीवर पेन तसंच धरून
मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

नोव्हेंबरात लिफ्ट बिघडली.
पहिल्या दिवशी चौथ्यावर बसले, वाझाच्या दारातल्या
मुळ्याच्या पेटाऱ्यावर.
तो म्हणाला, अकरा वर्षांत तुम्हाला
आज पहिल्यांदा पूर्ण बघतोय,
एरवी नुसता लिफ्टचा आवाज.
सहाव्यावर कुणीतरी पियानो चुकवतं,
रोज त्याच जागी.
आठव्यावर माझे गुडघे
मला नावं ठेवतात.

तीन आठवड्यांनी लिफ्ट सुरू झाली.
नाणं हातात घेतलं, पेटीसमोर धरलं,
आणि खिशात परत टाकलं.
का ते सांगता येणार नाही.
पियानोवाला त्या जागेवरून पुढे सरकला का,
एवढंच बघायचं होतं बहुतेक.

खाचापुरीची कड आता कागदात बांधते
आणि नऊ मजले उतरून
कानात पिवळा बिल्ला असलेल्या
त्या तांबूस कुत्र्यापुढे ठेवते.
अन्न टाकलं नाही,
फक्त माझ्या पोटात टाकलं नाही.
कुत्रा मात्र सुटत चाललाय.
त्याला कुणीतरी जिने दाखवायला हवेत.

मार्च संपताना पंच्याऐंशी.
तोर्निके सगळ्यांना सांगतो, पट्ट्याची कमाल.
सांगू दे. पट्टाही खोटा नव्हता,
एकटा होता इतकंच.

काल संध्याकाळी ओमारीनं शोती दिली,
वाफाळती.
कोपऱ्यापर्यंत धीर धरला.
मग मोडलं टोक.
घरी येऊन वही उघडली, चष्मा लावला, लिहिलं :

शोतीचं टोक. एक.
गरम होतं.