दहा, तेही जेमतेम

लिही थेओना, पण पेन्सिलीनं लिही.
त्या दशकातले उत्तम दहा म्हणतेस,
तर आधी एक समजून घे:
त्या दहा वर्षांत कुताइसीत वीज
पाहुण्यासारखी यायची,
पायातले बूट न काढता.

मी प्रोजेक्टरवाला. पडदा मला
वीतभर खिडकीतून दिसायचा,
आणि पडद्याच्या अलीकडे डोकी:
लोकरी टोप्या, रुमाल, एक टक्कल.
ते दंतवैद्य बिचिकोचं, कायम तिसऱ्या रांगेत.

दहावा, ज्यात एक माणूस
अख्खा सिनेमाभर दार दुरुस्त करतो.
घडत काहीच नाही. तरी दहावा,
कारण त्या रात्री वीज एकदाही गेली नाही
आणि कंटाळा येण्याची चैन
आम्हाला परवडली.

नववा राहू दे. नंतर सांगतो.

आठव्यात समुद्र आहे. गोष्ट बेताची,
नायिका रडते ती नुसती नाकानं,
पण पाणी इतकं निळं
की ओव्हरकोटातली माणसं
वरचं एक बटण सोडून बसली.

सातवा आणि सहावा एकाच ओळीत लिही.
माझ्या हातून रिळांची अदलाबदल झाली होती.
एकातला नवरा दुसऱ्यातल्या बायकोला
पत्रं लिहीत राहिला.
कुणीही तक्रार केली नाही.
मकवला नर्स तर जाताना म्हणाली,
शोभतात हो एकमेकांना.

पाचवा लढाईचा. चांगला होता.
सुखुमीहून आलेल्या बायका
पहिल्या गोळीलाच उठल्या,
पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत राहिल्या.
पुढचा सिनेमा मी आवाज बंद करून दाखवला.
याच्यापुढे तारे-बिरे काढू नकोस.

चौथा आठवत नाही. जागा सोड.

तिसरा हसवणारा, दुसरा त्याहून हसवणारा.
तेव्हा नोटांना किंमत नव्हती,
तिकीट म्हणजे शेगडीसाठी एक ओंडका.
दुसऱ्याला गर्दी एवढी
की एकानं खुर्चीचा पाय आणला,
आणि आत आल्यावर कळलं
खुर्ची आमचीच.

आता पहिला.
एक बाई. पियानो जुळवणारी.
दर महिन्याला तिला एक रिकामं पाकीट येतं.
पाठवतं कोण, ते शोधत ती कुठल्या कुठे जाते,
शेवटी एका दारापुढे उभी राहते,
ठोठावते,
आतून कडी हलते,

आणि वीज गेली.

कुणी उठलं नाही.
माझ्या झोतात मघापर्यंत दिसणारे श्वास
आता नुसते ऐकू येत होते.
मग बिचिको म्हणाला, दार तिची बहीण उघडते.
मकवला म्हणाली, बहीण कुठून आली?
आत कुणीच नाही, कडी वाऱ्यानं हलली.
मागून एक पोरगा ओरडला,
तो दार दुरुस्त करणारा असेल!
हसता हसता एक म्हातारी भांडायला उठली,
की पाकिटं बाईनं स्वतःच स्वतःला पाठवली,
मीही पाठवायचे,
निदान टपालवाला दारात तरी येतो.

दोन वाजेपर्यंत चाललं.
दहा वर्षं मी त्यांची फक्त डोकी पाहिली,
त्या रात्री पहिल्यांदा तोंडं ऐकली.
सकाळच्या ट्रकनं रिळं बातुमीला गेली.

गेल्या वर्षी तू फोनवर शोधून दिलास ना?
पाहिला मी. शेवटपर्यंत.
दार उघडतं. एक वकील असतो.
तो सगळं समजावून सांगतो,
पाकीट का, रिकामं का, दर महिन्याला का.
समजावून सांगतो आणि चहा विचारतो.

हां, तोच नववा. लिही.
अशी बघू नकोस. सिनेमा एकच,
पण दिग्दर्शकाचा शेवट नववा
आणि आमचा पहिला.
यादी माझी आहे.

दे ती पेन्सिल.
चौथ्यात, थांब,
चौथ्यात एक कुत्रा होता.
सिनेमाचं नाव नाही येत,
कुत्र्याचं येतंय.